निवायला हवा होता, तो वायू

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा ज्या कृष्णविवरांच्या टकरी टिपणार आहे, ती सूर्याच्या काही पट ते शंभरेक पट वस्तुमानाची असतात. दीर्घिकांच्या केंद्रांतली कृष्णविवरे मात्र सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट जड असतात आणि त्यांची करामत पाहायला क्ष-किरण व रेडिओ दुर्बिणी लागतात. कृष्णविवर केवळ गिळते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ही महाकाय कृष्णविवरे लाखो प्रकाशवर्षे पसरलेला वायू तापताही ठेवतात.

दीर्घिकासमूहात दीर्घिकांमधल्या जागेत अतिविरळ वायू भरलेला असतो. त्याचे तापमान कोट्यवधी अंश असते आणि त्याचे वस्तुमान समूहातल्या सर्व ताऱ्यांच्या कित्येक पट भरते. हा वायू क्ष-किरणांच्या रूपाने सतत उष्णता गमावतो. गाभ्यात तो दाट असल्याने तिथे त्याने लवकर निवावे, मध्यवर्ती दीर्घिकेत कोसळावे आणि दरवर्षी शेकडो सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे घडवावेत, असे गणित सांगत होते. एवढे तारे काही दिसले नाहीत.

हिवाळ्याच्या रात्री मराठवाड्यातून डोक्यावर, किंचित उत्तरेकडे दिसणाऱ्या ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या दीर्घिकासमूहात याचे उत्तर सापडू लागले. तिथल्या मध्यवर्ती दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या लगतच्या भागातून निघालेल्या, अतिवेगवान कणांच्या झोतांनी वायू बाजूला सारून प्रचंड पोकळ्या केल्या आहेत. २००३ मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू फेबियन यांच्या गटाने चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने या पोकळ्यांभोवती पसरत गेलेले तरंग दाखवले. हा खरोखरीचा ध्वनी आहे. फक्त त्याचे एक आंदोलन पूर्ण व्हायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात.

या यंत्रणेतली खरी गंमत तिच्या स्वयंनियंत्रणात आहे. वायू निवला की तो आत ओघळतो, त्यातला अल्पसा अंश कृष्णविवराला मिळतो, झोत उसळतात, वायू तापतो आणि पुरवठा तुटतो. विजेची इस्त्री जशी तापल्यावर बंद होते आणि निवली की पुन्हा सुरू होते, तसेच हे चालते. झोतांची ऊर्जा वायूत नेमकी कशी मुरते, यावर मात्र वाद आहे. धक्कालहरी, ध्वनी आणि खळबळ असे तिन्ही दावेदार आहेत. २०१६ मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहाने बंद पडण्यापूर्वी याच समूहाच्या गाभ्यातल्या वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर मोजला. हा वेग अनेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाला. त्यामुळे केवळ खळबळीवर सारी भिस्त ठेवणे मला तरी कठीण वाटते.

भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहात तर हे नियंत्रण विस्कटलेले दिसते. क्ष-किरण चित्रातली तिथली वक्र कड २०१६ मध्येच लक्षात आली होती. ती झोतांनी केलेल्या पोकळीची कड असू शकत होती, पण तेवढी पोकळी करायला लागणारी ऊर्जा अशक्यप्राय वाटल्याने ती शक्यता बाजूला पडली. पुढे नारायणगावजवळच्या जीएमआरटी या दुर्बिणीसह इतर रेडिओ दुर्बिणींना ती पोकळी झोतातल्या कणांनी भरलेली आढळली आणि २०२० मध्ये ती पोकळी करणारा झोतांचा उद्रेक ऊर्जेने आधीच्या विक्रमी उद्रेकाच्या सुमारे पाचपट ठरला. आज तिथे मोठे झोत दिसत नाहीत, कारण हेलकावणाऱ्या वायूचा सर्वांत दाट, थंड भाग कृष्णविवरापासून काही हजार प्रकाशवर्षे सरकला आहे आणि कृष्णविवराचा पुरवठा खुंटला आहे.