शोधनिकालांची गाळणी आणि ‘तारीख’ या शब्दाचा गुंता : पार्श्वभूमी

आपल्याच संगणकावरील फाईल शोधताना येणारी अडचण गेल्या वीस वर्षांत उलटी झाली आहे. पूर्वी शोध बहुतेक वेळा फाईलच्या नावापुरता चाले, त्यामुळे नाव आठवले नाही की हाती काहीच लागत नसे. फाईलमधल्या मजकुराचा इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या फाईलीत आहे याची सूची, आधीच तयार ठेवला जाऊ लागल्यापासून ‘अहवाल’ एवढा एक शब्द लिहिला, तरी तो जिथे जिथे आला आहे त्या सगळ्या फाईली, पत्रे आणि नोंदी क्षणात समोर येतात. त्यांतली हवी ती कोणती, हे ठरवण्याचे काम मात्र शोधणाऱ्यावरच राहते. निकाल गाळण्याच्या सोयींचा इतिहास या दुसऱ्या अडचणीचा इतिहास आहे, आणि त्यात सर्वांत उपयोगी पडलेली व सर्वांत जास्त घोळ घातलेली गाळणी एकच आहे, ती म्हणजे तारीख.

मागचा काळ थोडक्यात सांगता येतो. मजकुरात शोधणारी ‘ग्रेप’ ही युनिक्स या संगणकप्रणालीवरील आज्ञा १९७३ च्या आसपासची. तिच्या पाठोपाठ आलेल्या ‘फाइंड’ या आज्ञेत नाव, प्रकार, आकार, मालक आणि वय अशा अटी एकापुढे एक लावता येत, म्हणजे गाळणीचे आजचे बहुतेक निकष तेव्हाच उपलब्ध होते. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात फाईलचे नाव आठ अक्षरांचे आणि एक्स्टेन्शन, म्हणजे प्रकार सांगणारी शेपटी, तीन अक्षरांचे असे. एवढ्या तुटपुंज्या नावात ‘इथे कोणतेही अक्षर चालेल’ या अर्थाने तारांकन आणि प्रश्नचिन्ह घालून जमेल तेवढे गाळले जाई. एका वस्तूकडे अनेक पैलूंनी पाहावे आणि हव्या त्या पैलूने निवड करावी, हा विचार संगणकाच्याही आधीचा आहे. ग्रंथालयांसाठी १९३३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झालेल्या कोलन वर्गीकरणाचा तोच पाया होता. (आजच्या शोधपेटीतही निकषाचे नाव लिहून पुढे कोलन म्हणजे अपूर्णविराम द्यावा लागतो, हा मात्र निव्वळ योगायोग.)

नव्वदच्या दशकात या दिशेने काही धाडसी प्रयोग झाले. १९९१ मध्ये मांडल्या गेलेल्या एका फाईल-व्यवस्थेत फोल्डर हीच शोधाची अट होती: लेखकाचे नाव फोल्डरच्या मार्गात लिहिले की त्या लेखकाच्या फाईली त्या ‘आभासी’ फोल्डरमध्ये दिसत. बीओएस या संगणकप्रणालीमध्ये फाईलला जोडलेल्या गुणधर्मांचा इंडेक्स फाईल-व्यवस्थाच ठेवत असे, आणि अटीत बसणारी नवी फाईल तयार झाली की उघड्या निकालांत ती आपोआप दाखल होई. १९९८ मध्ये मॅकवर शेरलॉक हे शोधसाधन आले आणि मजकुराचा इंडेक्स सर्वसाधारण वापरकर्त्याच्या हाती पडला. विंडोजच्या पुढील आवृत्तीत सगळी माहिती एखाद्या डेटाबेसप्रमाणे साठवण्याची मोठी योजना २००३ मध्ये जाहीर झाली. पण ऑगस्ट २००४ मध्ये ती त्या आवृत्तीतून वगळली गेली आणि २००६ मध्ये स्वतंत्र उत्पादन म्हणूनही तिचा विचार सोडून देण्यात आला.

ही योजना मागे पडत असतानाच साध्या इंडेक्सवर चालणाऱ्या शोधसाधनांची लाट आली. ऑक्टोबर २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप चाचणी स्वरूपात बाहेर पडले, डिसेंबरमध्ये विंडोजसाठीचे दुसरे एक साधन आले, आणि एप्रिल २००५ मध्ये मॅक ओएस टेन टायगरबरोबर स्पॉटलाइट आले. या स्पर्धेला पुढे तक्रारींचेही वळण लागले: मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टात अंगभूत असलेल्या शोधामुळे इतरांची साधने मागे पडतात असा आक्षेप घेतला गेला, आणि २००७ मध्ये ती सोय बदलण्याचे मान्य करावे लागले. त्या वेळी प्रसिद्धी मुख्यतः वेगाला मिळाली. टाइप करता करता निकाल दिसतात, हे पाहून लोक थक्क होत. पण वेबवरचा शोध ज्या बळावर उत्तम निकाल वर आणतो, ते बळ स्वतःच्या संगणकावर नसते. वेबवरील पाने एकमेकांना दुवे देतात आणि त्यावरून कोणत्या पानाला वजन आहे हे कळते. एका फोल्डरमधल्या दोन मसुद्यांमध्ये असा कोणताही दुवा नसतो. म्हणून निकालांची क्रमवारी यंत्राने लावण्यापेक्षा माणसाने निकाल गाळणे इथे अधिक महत्त्वाचे ठरते.

शिवाय स्वतःच्या संगणकावर माणूस बहुधा आधी पाहिलेलीच वस्तू शोधत असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एकाच संस्थेतील २३० हून अधिक कर्मचाऱ्यांनी असे शोधसाधन वापरले होते. वस्तू पुन्हा शोधताना काळ आणि माणसे या दोन खुणा महत्त्वाच्या ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तो सहज पटण्यासारखा आहे. शब्द नेमका कोणता वापरला होता ते आठवत नाही, पण ते काम सुट्टीच्या आधी झाले की नंतर, एवढे नक्की आठवते. म्हणजे तारखेची गाळणी ही दुय्यम सोय नाही, शोधाचा मुख्य आधार तीच आहे. म्हणूनच तिच्या बाबतीत पुढे घेतल्या गेलेल्या निर्णयाकडे बारकाईने पाहावे लागते.

विंडोज ९५ मध्ये फाईल शोधण्याच्या चौकटीत तारखेसाठी वेगळा टॅब होता, पण त्यात ‘निर्माण केलेल्या किंवा बदललेल्या’ फाईली अशी एकत्रच अट होती. विंडोज ९८ मध्ये ती सुटी झाली आणि बदलल्याची, निर्माण केल्याची व शेवटची उघडल्याची अशा तीन तारखांपैकी एक निवडता येऊ लागली. विंडोज एक्सपीच्या शोधात कोपऱ्यात बसणाऱ्या चित्रातल्या कुत्र्याची आठवण अनेकांना असेल. पण त्याच पट्टीत तारखांचा विभाग उघडला की त्या तिन्ही तारखांची निवड स्पष्ट शब्दांत मांडलेली असे, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. मला ती मांडणी आजही योग्य वाटते, कारण तारखेने गाळताना पहिला प्रश्न ‘केव्हा’ हा नसतो, ‘कशाची तारीख’ हा असतो.

मजकुराच्या इंडेक्सवर चालणारी साधने आली तेव्हा हा प्रश्न मागे पडला. एकाच यादीत पत्रे, छायाचित्रे, गाणी आणि दस्तऐवज येऊ लागले, आणि प्रत्येकासाठी वेगळी तारीख विचारली तर यादी एका क्रमात लावताच येणार नाही, अशी खरी अडचण उभी राहिली. तिच्यावरचा तोडगा म्हणून विंडोजच्या शोधभाषेत नुसते ‘डेट’ हे नाव अशा एका गुणधर्माला दिले गेले, ज्याचा अर्थ वस्तूप्रमाणे बदलतो. छायाचित्र असेल तर तो टिपल्याचा दिवस असतो आणि इतर प्रकारांसाठी त्या त्या प्रकाराची मुख्य मानलेली तारीख घेतली जाते. यादी लावण्यासाठी हा निर्णय समजण्यासारखा होता. गाळण्यासाठी मात्र त्याने गोंधळ वाढवला, कारण यादीचा क्रम चुकला तर नजरेने सावरून घेता येतो, पण गाळणीतून गळून पडलेली फाईल दिसतच नाही आणि ती आपल्याजवळ नाहीच असे वाटू लागते.

हा गोंधळ केवळ नावाचा नव्हता, कारण मुळातल्या तारखाच सरळ नव्हत्या. एक अगदी साधे उदाहरण घ्यावे. तीन वर्षांपूर्वी लिहिलेली फाईल विंडोजवर नव्या डिस्कवर कॉपी केली, की तिची बदलल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीचीच राहते आणि निर्माण केल्याची तारीख मात्र आजची होते. म्हणजे नोंदीनुसार फाईल जन्माला येण्याच्या तीन वर्षे आधीच बदलली गेलेली असते. ज्याने जुन्या संगणकावरचा सारा संग्रह अशा प्रकारे एका दुपारी नव्या संगणकावर आणला असेल, त्याच्या हजारो फाईलींची निर्माण-तारीख तीच दुपार असते, आणि त्या तारखेने गाळण्यात मग काहीच अर्थ उरत नाही.

याच्या उलट प्रकारही आहे. अनेक प्रोग्रॅम फाईल साठवताना नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहितात, जुनी फाईल काढतात आणि तात्पुरत्या फाईलला जुने नाव देतात. तसे झाले तर प्रत्येक वेळी साठवताना निर्माण-तारीख बदलेल; ते टाळण्यासाठी विंडोजमध्ये नाव नाहीसे झाल्यापासून साधारण पंधरा सेकंदांच्या आत त्याच नावाची फाईल आली, तर तिला जुन्या फाईलची निर्माण-तारीख बहाल केली जाते. ही तडजोड हेतूने चांगली आहे; पण तिचा अर्थ असा, की ही तारीख घटनेची नोंद नसून एक अंदाज आहे.

युनिक्सच्या परंपरेत वेगळाच गुंता आहे. तिथल्या वेळेच्या तीन नोंदींपैकी ‘सीटाइम’ या नावातला ‘सी’ निर्मितीचा आहे असे आजही पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती फाईलच्या नोंदीत, म्हणजे परवानगी, मालकी वगैरेंत, बदल झाल्याची वेळ असते. ‘फाइंड’ला सात दिवसांहून जुन्या फाईली मागितल्या, तर ती वय चोवीस तासांच्या पूर्ण एककांत मोजते आणि उरलेले तास सोडून देते, त्यामुळे किमान आठ दिवस जुन्या फाईलीच निकालात येतात. साडेसात दिवसांपूर्वीची फाईल कुठे गेली म्हणून शोधत बसलेल्याला हे लवकर सुचत नाही.

शेवटची उघडल्याची तारीख ऐकायला सर्वांत उपयोगी, पण टिकली सर्वांत कमी. फाईल नुसती वाचली तरी डिस्कवर काही लिहावे लागते, हा तिचा खर्च. शिवाय इंडेक्स करणारा प्रोग्रॅम किंवा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम फाईल उघडून गेला, तर माणसाने ती उघडली होती की नाही याचा पत्ता लागत नाही. विंडोज व्हिस्टात ही नोंद मुळातच बंद ठेवली गेली, आणि लिनक्सवर २००९ पासून ती मर्यादित पद्धतीने ठेवणे हा नेहमीचा रिवाज झाला. मॅकवर स्पॉटलाइटने शेवटच्या वापराची वेगळी नोंद आपल्या इंडेक्समध्ये ठेवली, आणि २०११ च्या ‘लायन’ या मॅकच्या आवृत्तीपासून फोल्डरमध्ये ‘टाकल्याची तारीख’ही मिळू लागली. उतरवून घेतलेल्या फाईलींच्या ढिगात कालची फाईल शोधताना हीच तारीख कामी येते, म्हणून तिला मी या साऱ्या इतिहासातली एक मोलाची भर मानतो.

छायाचित्रांची स्थिती बरी आहे, कारण टिपल्याची वेळ कॅमेरा फाईलच्या आतच लिहितो आणि कॉपी केल्याने ती बदलत नाही. मात्र १९९५ पासून चालत आलेल्या या नोंदीच्या मानकात वेळ कोणत्या कालविभागातली (टाइम झोनमधली) आहे हे लिहिण्याची जागा २०१६ मध्येच झाली. कार्यालयीन दस्तऐवजांतही आतमध्ये मजकूर निर्माण केल्याची वेगळी तारीख असते आणि ती फाईलबरोबर प्रवास करते. संगणक बदलूनही टिकणारी तारीख हवी असेल तर हीच वापरावी; पण शोधाच्या पट्टीत ती सहसा समोर दिसत नाही, यादीत रकाना जोडूनच ती पाहावी लागते.

व्हिस्टाच्या प्रगत शोधपट्टीत स्थान, तारीख, आकार, नाव, टॅग आणि लेखक असे रकाने समोर मांडलेले होते. २००९ मध्ये विंडोज ७ आले तेव्हा ती पट्टी गेली, आणि शोधपेटीत कर्सर ठेवला की खाली दोन-चार निकष सुचवले जाऊ लागले. तारखेचा निकष निवडला की छोटे कॅलेंडर उघडे. एका बाबतीत ही सुधारणाच होती, कारण तिथे ‘बदलल्याची तारीख’ किंवा छायाचित्रांसाठी ‘टिपल्याची तारीख’ असे पूर्ण नाव असे. परंतु बाकीचे निकष आता फक्त टाइप करून वापरायचे राहिले, आणि ज्याला त्यांची नावे ठाऊक नव्हती त्याच्या दृष्टीने ते नसल्यात जमा झाले. दोन शब्दांमधले ‘ऑर’ किंवा ‘नॉट’ मोठ्या (कॅपिटल) इंग्रजी अक्षरांत लिहिले नाही तर तो नुसता शब्द समजला जातो, ही बाबही पेटीकडे पाहून कळत नव्हती. मॅकवरही गुंतागुंतीच्या अटी एकात एक बसवायच्या तर ऑप्शन कळ दाबून धरावी लागते. दाबली नाही तर ती सोय असल्याचा मागमूस दिसत नाही.

तारखेसारखाच, पण थोडक्यात सांगता येण्याजोगा प्रकार आकाराचा. विंडोज ७ मध्ये ‘मोठी’ फाईल म्हणजे १ ते १६ एमबी. पुढे विंडोज १० च्या काळात त्याच शब्दाचा अर्थ १२८ एमबी ते १ जीबी असा करण्यात आला. फाईली फुगत गेल्या हे खरे, पण जुन्या सवयीने तोच शब्द निवडणाऱ्याच्या निकालातून दहा एमबीची फाईल नाहीशी झाली, आणि तसे झाल्याचे त्याला कोणी सांगितले नाही.

अलीकडे शोधपेटीत साधे वाक्य लिहावे आणि त्यातून अटी यंत्रानेच काढाव्यात, अशा सोयी येऊ लागल्या आहेत. तशी कल्पना व्हिस्टातही होती. नैसर्गिक भाषेत शोधण्याचा पर्याय तिथे सेटिंगमधून चालू करता येत असे. ‘गेल्या महिन्यातला अहवाल’ असे लिहिल्यावर यंत्राला तो महिना लिहिण्याचा, बदलण्याचा, मिळाल्याचा की उघडल्याचा, यांपैकी एक अर्थ निवडावाच लागतो. एक्सपीच्या पट्टीत ही निवड शोधणारा करत होता आणि कोणती केली हे त्याला समोर दिसत होते. आता ती यंत्राने केली, तर निकालांच्या वर निदान एका ओळीत ‘बदलल्याची तारीख’ किंवा ‘मिळाल्याची तारीख’ असे लिहून दाखवावे, आणि त्या शब्दावर क्लिक करून तो बदलता यावा.