पार्श्वभूमी : एरर १०५५ आणि पार्टीचं ‘शेवटचं बिल’

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांना बिलिंग सॉफ्टवेअर करून देणाऱ्या आमच्यासारख्यांनी १ जुलै २०१७ नंतरचे काही महिने रात्री जागून काढले. जीएसटी आला होता आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रणालीतली पॅकेजेस पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर आणायची घाई होती. आपल्या मशीनवर सुरळीत चालणारा उधारीचा रिपोर्ट पार्टीच्या सर्व्हरवर टाकला की एरर १०५५ यायची. म्हणजे क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) मागितलेला कॉलम ग्रुप बायमध्ये, नोंदींचे गट कशावर पाडायचे ते सांगणाऱ्या भागात, नाही. ‘मायएसक्यूएलच्या नव्या व्हर्जनने घोळ केला’ असं तेव्हा मीही म्हणत होतो. पण हा घोळ बराच जुना आहे.

टेबलांच्या मॉडेलवरचा मूळ निबंध १९७० चा आणि क्वेरीच्या भाषेचा पहिला आराखडा १९७४ चा. तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते आखडून एसक्यूएल झालं. अमेरिकेत प्रमाणक १९८६ मध्ये ठरलं. आपल्या कामाचं प्रमाणक मात्र १९९२ चं. त्यात नियम सरळ होता : बेरीज, कमाल, मोजणी यांत न गुंडाळलेला प्रत्येक कॉलम ग्रुप बायमध्ये लिहायचा. १९९९ मध्ये थोडी सूट मिळाली. पार्टीचा कोड प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा कॉलम) असेल आणि गट त्यावर केला असेल, तर पार्टीचं नाव वेगळं लिहायला नको. कोड ठरला की नाव ठरलंच.

नियम कशासाठी, ते एका पार्टीच्या तीन बिलांवरून बघा. ४ एप्रिलचं १८,४०० रुपये, १९ मेचं ७,२५० आणि २ जूनचं ३१,०००. क्वेरी अशी : पार्टी द्या, कमाल तारीख द्या, रक्कम द्या, गट पार्टीवर. तारीख २ जून येणार, यात शंका नाही. रक्कम कोणती? तीन रकमांपैकी कोणती हवी हे क्वेरीत कुठेच सांगितलेलं नाही. जुनं मायएसक्यूएल मनाला येईल ती द्यायचं, बऱ्याचदा पहिली. म्हणजे कागदावर ‘२ जून, १८,४००’ छापून यायचं. असं बिल त्या कारखान्यात कधी फाडलेलंच नाही, आणि एररही नाही. मुनीम वहीशी ताडून बघेपर्यंत कुणाला पत्ता लागत नसे.

फॉक्सप्रोवाल्यांनी हे भांडण आधीच पाहिलं होतं. जुन्या फॉक्सप्रोत अशी क्वेरी बिनतक्रार चालायची आणि आमचा अनुभव असा की गटातली शेवटची नोंद हाती यायची. बिलं तारखेच्या क्रमानेच टाइप होत असल्यामुळे उत्तर बरोबर निघायचं. चुकीची सवय बरोबर उत्तरांवर पोसली गेली ती अशी. २००३ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ८ ने कडक नियम आणला, पण सोबत पळवाटही ठेवली : ‘सेट इंजिनबिहेवियर ७०’. ही एक ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीला टाकली की जुनी वागणूक परत. सगळ्यांनी टाकली. मीही टाकली.

मायएसक्यूएलची कथा याच वळणाची, फक्त उशिराची. १९९५ पासून ढिलाई, आणि तिचं समर्थनही लेखी होतं : विनाकारण गट आणि क्रमवारी वाचते, वेग मिळतो, गटातली सगळी मूल्यं सारखी असतील तिथेच वापरा. ही शेवटची अट वाचतो कोण? ऑक्टोबर २०१५ मध्ये पक्क्या स्वरूपात आलेल्या ५.७ ने ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ हा मोड, म्हणजे वरचा नियम पाळायला लावणारी सेटिंग, मुळातच चालू ठेवला. प्रायमरी कीची सूट ओळखण्याची अक्कल त्यात होती. ‘कोणतंही चालेल’ असं उघड सांगायला ‘एनी व्हॅल्यू’ नावाचं फंक्शनही दिलं. माझ्या मते निर्णय बरोबरच होता, फक्त वीस वर्षं उशिरा झाला. तोवर अशा क्वेऱ्यांवर अख्खी पॅकेजेस उभी राहिली होती. त्यातच झॅम्पमध्ये (आपल्या मशीनवर पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवून देणाऱ्या संचात) त्याच सुमारास मायएसक्यूएलच्या जागी त्याचाच भाऊबंद मारियाडीबी आलं आणि त्यात हा मोड आपोआप चालू नसतो. घरी चालतं, सर्व्हरवर पडतं, याचं कारण हे. त्यावर उतारा म्हणून जो तो मोड बंद करणारी ओळ एकमेकांना पाठवू लागला. इंजिनबिहेवियर ७० चाच हा दुसरा अवतार.

शेवटची नोंद मिळवायला आतल्या क्वेरीत तारखेने उलटी क्रमवारी लावायची आणि बाहेर ग्रुप बाय करायचा, ही युक्तीही ५.७ ने मोडली. आतली क्रमवारी आता विचारातच घेतली जात नाही. मोड बंद ठेवलेल्यांना तर त्याची एररही दिसली नाही, आकडे गुपचूप बदलले.

२०१८ च्या ८.० पासून रो नंबर हे ओळींना क्रमांक देणारं फंक्शन आहे : पार्टीनुसार वाटणी करा, तारीख उतरत्या क्रमाने लावा, एक नंबरची ओळ उचला. मात्र क्रम कशावर लावायचा हे आता लिहावंच लागतं, आणि तिथे नवा प्रश्न उभा राहतो. एका कारखान्यात मी बिल नंबरवर क्रम लावला, कारण एकाच दिवसाची दोन बिलं तारखेने वेगळी करता येईनात. मार्च संपेपर्यंत ठीक चाललं. १ एप्रिलला नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले आणि प्रत्येक पार्टीचं ‘शेवटचं बिल’ मार्चमध्येच अडकून बसलं. मालकांनी फोनवर एवढंच विचारलं, “साहेब, एप्रिलमध्ये आम्ही माल विकलाच नाही का?”