छापील किंमत: एमआरपीची पार्श्वभूमी

पाकिटावर छापलेली एमआरपी हीच वस्तूची किंमत, असे आपण इतकी वर्षे धरून चाललो आहोत की दुकानदाराने दोन रुपये कमी घेतले तर ती त्याची मेहेरबानी वाटते. कायद्याच्या लेखी एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. तिच्या खाली कितीही उतरायला दुकानदार मोकळा आहे, वर जायला नाही. ग्राहकाला आधार म्हणून घातलेली ही मर्यादा पुढे कंपन्यांच्या विक्रीतंत्रातले सर्वांत हुकमी हत्यार झाली. ते कसे झाले, हे समजायला १९७०च्या दशकातल्या महागाईपासून सुरुवात करावी लागते.

त्याआधीचे दुकान सुट्या मालाचे होते. दशमान वजने-मापे १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली आणि शेर, छटाक हळूहळू मागे पडले, पण भाव सांगायचा अधिकार वाण्याकडेच राहिला. गिऱ्हाईक ओळखीचे की परके, रोखीचे की उधारीचे, यावर भाव हलायचा. चहा, साबण, बिस्किटे, वनस्पती तूप असा थोडाच माल पाकिटातून यायचा आणि त्यावर किंमत छापलेली असेलच असे नव्हते.

१९७२चा दुष्काळ आणि पाठोपाठ आलेली टंचाई यांनी हे चित्र असह्य केले. तेल, रवा, साखर दुकानात असूनही ‘नाही’ म्हणून सांगितली जायची आणि आठवड्याने चढ्या भावाने बाहेर यायची. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाईविरोधात लाटणे मोर्चे काढले. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत आजही शिकण्याजोगी आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, पंचायतीने घाऊक खरेदी करून माल संघापर्यंत पोचवायचा आणि वाटप सभासदांनीच करायचे. भाव कशाचा किती पडला हे सगळ्यांसमोर असायचे. ग्राहकाला किंमत आधी कळली पाहिजे, ही मागणी या चळवळींनी घराघरांत नेली.

सरकारने १९७५ साली पाकीटबंद वस्तूंसाठी आदेश काढला, १९७६ साली वजनमापांचा नवा कायदा केला आणि १९७७ साली त्याखालचे पाकीटबंद वस्तूंचे नियम आले. उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि विक्रीची किंमत हे सारे पाकिटावर छापणे बंधनकारक झाले. आज पाकिटाच्या मागे दिसणारा बारीक अक्षरांचा चौकोन तिथून आला.

पण त्या नियमांत एक मोठी फट राहिली होती. किंमत दोन प्रकारे छापता यायची. एक, सर्व करांसहित. दुसरी, ‘स्थानिक कर वेगळे’. बहुतेक कंपन्यांना दुसरी सोयीची, कारण विक्रीकर राज्याराज्यांत वेगळा आणि जकात तर शहराशहरांत वेगळी. पाकिटावर ८ रुपये छापलेले असायचे आणि दुकानदार त्यावर ‘टॅक्स’ म्हणून जे लावेल ते. त्यात विक्रीकर किती, जकात किती आणि दुकानदाराचे स्वतःचे किती, हे गिऱ्हाइकाला ताडून पाहण्याची काहीच सोय नव्हती. जकातनाका नसलेल्या गावातही जकातीच्या नावाखाली पैसे घेणे सोपे होते. छापील किंमत होती, पण तिचा उपयोग फारसा नव्हता.

१९९०च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. यापुढे एकच प्रकार: कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. आज प्रत्येक पाकिटावर दिसणारे ते शब्द या दुरुस्तीचे आहेत. माझ्या मते भारतीय किरकोळ बाजाराच्या इतिहासात ग्राहकाच्या हाती आलेले हे सर्वांत कामाचे वाक्य आहे. आठवीतल्या मुलाला दुकानात पाठवले तरी त्याला फसवणे अवघड झाले, ते या वाक्यामुळे.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घडवली, तिची चर्चा फार कमी होते. करांचा हिशेब आता कंपनीला आधीच धरावा लागला आणि देशभर एकच आकडा छापणे सोयीचे ठरले. किंमत ठरवण्याचा अधिकार वाण्याकडून कंपनीकडे गेला. मुंबईच्या घाऊक बाजाराजवळचे दुकान आणि गडचिरोलीतल्या भामरागडचे दुकान यांना एकाच आकड्याच्या आत बसायचे आहे. रोजच्या वापरातल्या मालावर दुकानदाराला साधारण ८ ते १२ टक्के सुटतात. कंपनीचा वितरक जिथे पोचत नाही तिथला दुकानदार तालुक्याच्या घाऊक दुकानातून माल आणतो, म्हणजे मधला एक हात वाढतो, वर टेम्पोचे भाडे. त्याच्या हाती ४-५ टक्केही उरत नाहीत. थंड पेयाच्या बाटलीवर किंवा दुधाच्या पिशवीवर ‘थंड करायचे’ म्हणून एक-दोन रुपये जास्त मागितले जातात त्यामागे हे गणित असते. दुकानदाराची अडचण खरी आहे, तरी त्याने छापील किमतीवर पैसे घेणे बेकायदाच आहे. फ्रिजची वीज आणि वाहतूक यांचा खर्च कंपनीने त्याच्या टक्केवारीत धरायला हवा. तो गिऱ्हाइकावर टाकायची मुभा कायदा देत नाही.

आकडा कंपनीच्या हाती आल्यावर तो नाण्याशी जोडला गेला. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत आणला आणि त्यांच्या मुलांनी तो धंदा वाढवला. पुढे १ रुपयाच्या, ५० पैशांच्या पुड्यांच्या माळा गावोगावच्या टपऱ्यांवर लटकू लागल्या. गंमत अशी की १० ग्रॅम किंवा १० मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना, तंबाखूसारखे काही पदार्थ वगळता, या नियमांतून सूट आहे. तरीही पुडीवर किंमत सर्वांत ठळक असते, कारण तिथे किंमत हीच जाहिरात आहे. हातात असलेल्या नाण्यात वस्तू बसते, एवढेच गिऱ्हाइकाला सांगायचे असते.

३० जून २०११पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. ५० पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण व्यवहारात कुणी घेत नाही. सुट्याऐवजी चॉकलेट हातावर ठेवणे याच काळात सर्रास झाले. मग ५, १० आणि २० रुपये हे तीन आकडे पक्के ठरले आणि कच्चा माल महागला की कात्री ग्रॅमवर चालू लागली.

हे हिशेबाने पाहा. ५ रुपयांच्या पुड्यात ५० ग्रॅम बिस्किटे असतील तर किलोचा भाव १०० रुपये. तोच पुडा ४५ ग्रॅमचा केला तर किलोचा भाव १११ रुपये. माल १० टक्क्यांनी घटला, भाव ११ टक्क्यांनी चढला आणि पाकिटावरचा ५चा आकडा जागचा हलला नाही. पाकिटाची लांबी-रुंदी बहुधा तीच ठेवली जाते, आत हवा वाढते किंवा बिस्किट पातळ होते. बदललेले वजन मागे बारीक अक्षरात असतेच. नियम पाळलेला असतो, कुणी वाचत नाही इतकेच.

या कात्रीला काही काळ एक अडसर होता. नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात चहा, खाद्यतेल, बिस्किटे, साबण अशा काही वस्तूंची वजने ठरवून दिली होती. त्याच मापांत त्या विकायच्या. सवलती आणि अपवाद होतेच, पण दोन कंपन्यांचा १०० ग्रॅमचा पुडा समोरासमोर ठेवून तुलना करता यायची. नोव्हेंबर २०२१च्या दुरुस्तीने हे परिशिष्टच काढायचे ठरले. बदल्यात एकक विक्री किंमत छापणे आले: किलोपेक्षा कमी माल असेल तर प्रतिग्रॅम भाव, जास्त असेल तर प्रतिकिलो. पाकिटावर एमआरपीच्या जवळ ‘यूएसपी’ अशी अक्षरे आणि पुढे ‘₹०.११ प्रति ग्रॅम’ असे काही दिसते, ते हेच.

कल्पना चांगली, पण अंमल अपुरा आहे. भाव दोन दशांश स्थळांपर्यंत छापायचा असतो. ५ रुपयांचा ४७ ग्रॅमचा पुडा घेतला तर प्रतिग्रॅम १०.६४ पैसे पडतात. ४४ ग्रॅमचा घेतला तर ११.३६. दोन्हींवर छापले जाते ०.११. किलोला १०६ रुपयांवरून एकशे साडेतेरा, म्हणजे जवळजवळ ७ टक्के वाढ, आणि ज्या आकड्याने ती दाखवायची तो हललाच नाही. स्वस्त आणि हलक्या वस्तूंत हा दोष सर्वांत मोठा, आणि गरिबाची खरेदी नेमकी त्याच वस्तूंची. प्रतिग्रॅमऐवजी प्रति १०० ग्रॅम भाव छापला असता तर वरचे दोन पुडे १०.६४ आणि ११.३६ रुपये असे सरळ वेगळे दिसले असते. तोवर दुकानात मोबाइल काढून किमतीला ग्रॅमने भागायचे आणि १०००ने गुणायचे, एवढाच उपाय.

करकपातीच्या वेळी हेच गणित उलट्या दिशेने आले. २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटे, शाम्पू, टूथपेस्ट, साबण यांवरचा जीएसटी १८वरून ५ टक्के झाला. १८ टक्के करासकट ५ रुपयांना असलेली वस्तू ५ टक्के करात ४ रुपये ४५ पैशांना बसते. ४५ पैसे द्यायचे-घ्यायचे कसे? किंमत ५ ठेवायची तर ५० ग्रॅमच्या जागी ५६ ग्रॅम द्यायला हवेत. आपल्या नेहमीच्या पुड्याचे वजन लक्षात असेल, तरच तो फायदा मिळाला की नाही हे कळते.

सवलतीचा इतिहास याच्याशी जोडलेला आहे. मुंबईत नायगावला १९४८ साली सुरू झालेल्या अपना बाजारसारख्या सहकारी भांडारांनी कमी नफ्यात माल देण्याची सवय लावली होती. २००२ साली पवईत डी-मार्टचे पहिले दुकान निघाले आणि एमआरपीपेक्षा कमी भाव हाच धंद्याचा कणा ठरला. तिथे सवलत येते ती मोठ्या खरेदीतून आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करण्यातून. पण सगळीकडे तसे नसते. एमआरपी किती छापावी यावर, औषधांसारखे काही अपवाद सोडले तर, कायद्यात बंधनच नाही. उत्पादनखर्च किती, हे कंपनीला कुणी विचारत नाही. त्यामुळे तयार कपडे, सुकामेवा, घरगुती उपकरणे यांवर आधी फुगवून छापायचे आणि मग ‘६० टक्के सूट’ लावायची, हे चालते. अशा ठिकाणी कापलेला आकडा पाहण्यात अर्थ नाही. शेजारच्या दुकानात तीच वस्तू कितीला आहे, एवढेच पाहावे.

एकाच बाटलीच्या दोन किमतींचा वादही जुना. विमानतळ आणि मल्टिप्लेक्ससाठी वेगळी एमआरपी छापून पाणी विकले जायचे. १ जानेवारी २०१८पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सारख्याच पाकिटावर अशा दोन किमती छापायला मनाई केली. हॉटेलांचे मात्र वेगळे. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही मिळते, ती निव्वळ विक्री नव्हे. म्हणून तिथे एमआरपीचे बंधन लागू नाही. घरपोच माल देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी तिसरी वाट काढली आहे. वस्तू एमआरपीच्या आत, आणि हाताळणी, छोटी ऑर्डर, पाऊस असे आकार शेवटच्या पानावर वेगळे.

किमतीवर चिकटवलेले स्टिकर दिसले तर थांबावे. किंमत कमी केल्याचे स्टिकर चालते, पण त्याने मूळ किंमत झाकली जाता कामा नये. मूळ आकडा खोडून किंवा झाकून वाढीव किंमत लावणे हा गुन्हा आहे. करबदलाच्या वेळी सरकार ठरावीक मुदतीपुरती स्टिकरची परवानगी देते. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा दिली होती, तेव्हाही मूळ किंमत दिसली पाहिजे ही अट होतीच.

जादा पैसे घेतल्याची तक्रार राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. बहुतेक तक्रारी पुराव्याअभावी पडतात: पाकीट फेकून दिलेले असते, किंवा बिलावर नुसती एकूण रक्कम असते. त्यामुळे पैसे देण्याआधी वस्तूच्या नावासकट बिल मागावे, किंमत, वजन आणि बॅच क्रमांक एकाच फोटोत येतील असा पाकिटाचा फोटो घ्यावा आणि यूपीआयने पैसे द्यावेत, म्हणजे वेळ आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. दुकानदाराने बिल नाकारले तर दुकानाचे नाव-पाटी दिसेल असा दुसरा फोटो जोडावा.