इसब: डाग जातो, धग राहते

सकाळी लेकराच्या अंथरुणावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले की आईला कळतं, पोरगं रात्रभर खाजवत होतं. कोपराची लवण, गुडघ्यामागची घडी, मान सोलून निघालेली असते. मराठवाड्यात याला कुणी इसब म्हणतं, कुणी नायटा. घोळ इथूनच सुरू होतो. नायटा बुरशीमुळे होतो आणि पसरतो. हा इसब कुणाला लागत नाही. पण मेडिकलवरून दोन्हींसाठी एकच ट्यूब येते: जहाल स्टेरॉइड, बुरशीनाशक, अँटिबायोटिक, सगळं एकत्र. चार दिवस खाज थांबते. पुढे कातडी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो रूप बदलून फोफावतो.

इसबात नेमकं काय होतं? आपली जुनी माळवदाची घरं आठवा. मातीला चीर पडली की पाणी आत झिरपायचं. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन आहे. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध 2006 साली उघड झाला. थर विरळ झाला की ओल उडून जाते, धूळ-जंतू आत शिरतात. मग प्रतिकारशक्ती इंटरल्यूकिन-4 आणि 13 हे संदेश सोडते. त्यांनी दाह आणि खाज वाढते, वर फिलॅग्रिन आणखी घटतं.

म्हणून डाग गेला म्हणजे इसब गेला, असं नव्हे. स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेखाली दाह धुमसत असतो, आणि आपण नेमकं तेव्हाच औषध सोडतो. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकत, तसं मॉइश्चरायझर रोज आणि सढळ हाताने हवं. वारंवार उसळणाऱ्या जागी, डाग नसतानाही, आठवड्यातून दोनदा डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं तर इसब उलटण्याचं प्रमाण कमी होतं. बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची पट्टी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

एवढ्यानं भागलं नाही तर आतून उपचार लागतो. ते दोन संदेश अडवणाऱ्या ड्युपिलुमॅब इंजेक्शनला अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली. दोन मोठ्या चाचण्यांत 16 आठवड्यांत सुमारे 36 ते 38 टक्के प्रौढांची त्वचा जवळपास निवळली. तुलनेसाठी औषध नसलेलं खोटं इंजेक्शन दिलेल्यांत हा आकडा 8 ते 10 टक्के होता. पेशीच्या आत दाहाचे संदेश अडवणाऱ्या जॅक गटातल्या गोळ्या लवकर गुण देतात, पण त्याआधी क्षयरोगाची तपासणी करून घ्यावीच लागते.

ही औषधं महाग आहेत, हे खरं. म्हणून मला 2023 ची एक चाचणी मोलाची वाटते. ब्रिटन-आयर्लंडमधल्या 103 मुलांना सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्सेट, ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं, दिली. सायक्लोस्पोरिनचा गुण आधी दिसला. औषध थांबवल्यावर टिकला तो जास्त मेथोट्रेक्सेटचा. जुनी, स्वस्त गोळी. रक्ततपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत, गरोदरपणी ती चालतच नाही. आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. घरात गोळी आली की पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठरलेल्या वाराला ठळक गोल करा.