महार वतन: जमीन मिळाली, पण शर्तीसकट

महार वतनाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजही 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा दिसतो. ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. या शेऱ्यामागे शेकडो वर्षांची व्यवस्था आहे.

वतन म्हणजे वंशपरंपरागत चाकरी आणि तिच्या बदल्यात जमीन व बलुतं. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाला अधिकार जोडलेला होता, महार वतनाला राबणं. लोकांना चावडीवर बोलावणं, सारा खजिन्यात पोचवणं, शिवेची राखण, आलेल्या अंमलदाराचं सामान वाहणं, मयताचा सांगावा नेणं, मेलेलं जनावर ओढणं ही कामं वतनदार महारांकडे होती. कामाला वेळ ठरलेली नव्हती. ज्याची पाळी तो घरी नसेल तर बाप, भाऊ, घरात असेल त्याला जावं लागे. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाची पाळीही अशीच गावातल्या भावाच्या गळ्यात पडे.

जमीन मात्र वाढत नव्हती, आणि ती सगळ्या भावकीची होती. समजा, चार घरांत मिळून ९ एकर आहे आणि प्रत्येक घरी पिढीमागे तीन मुलगे झाले. दोनच पिढ्यांत ३६ वाटेकरी होतात आणि वाट्याला १० गुंठे येतात. तेवढ्यावर पोट भरत नाही, म्हणून बलुत्यासाठी गावाची मर्जी सांभाळावी लागते. ज्या शेतकऱ्याशी भांडण होईल तोच खळ्यावरचं धान्य अडवणार. वतन ही मालमत्ता दिसत असली, तरी तिने माणसाला गावाशी बांधून घातलं होतं.

इंग्रजांनी ही रचना मोडली नाही, १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात ती नोंदवून पक्की केली. सरकारला त्यात स्वस्तात नोकर मिळत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन बंद करून जमिनी रयताव्याने, म्हणजे इतर शेतकऱ्यांसारख्या सारा भरून कसायला दिल्या, तो अपवाद. ब्रिटिश मुलखात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडलं: पूर्ण सारा भरणाऱ्याला चाकरीतून मोकळं करावं, जमीन त्याच्याकडेच राहू द्यावी, बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर व्हावं. विरोध एवढा झाला की विधेयक मागे घ्यावं लागलं. १९४१ मध्ये सिन्नरला परिषद भरली ती वतन जमिनींवरच्या वाढीव जुडीविरुद्ध. जुडी म्हणजे वतन जमिनीवरचा सवलतीचा सारा. चाकरी पूर्वीसारखीच घ्यायची आणि वर साराही वाढवायचा, हा उघड अन्याय होता.

महार वतनासह कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. चाकरी संपली आणि जमीन सरकारजमा झाली. वतनदाराला ती परत मिळवण्यासाठी पूर्ण साऱ्याच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरायची होती. रक्कम फार नव्हती, पण कायद्याची खबर न लागलेले आणि मुंबई-पुण्याला गेलेले वाटेकरी राहून गेले. जमीन मिळाली तीही नवीन व अविभाज्य शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही आणि वाटून घ्यायची नाही. शर्तीचा हेतू चांगला होता: गरिबाची जमीन सावकाराने गिळू नये. पण कागद न करता, तोंडी वा साध्या स्टँपवर जमिनी गेल्याच. शर्तभंग ठरला की त्या सरकारजमा होतात आणि मूळ घरातल्या नातवाच्या हाती काही उरत नाही.

वारसांनी केवळ सातबारा पाहून थांबू नये. पुनर्प्रदानाचा (जमीन परत दिल्याचा) आदेश, तिप्पट रक्कम भरल्याचा पुरावा, १९५९ नंतरचे सगळे फेरफार आणि तलाठ्याकडचा गाव नमुना १-क (शर्तीच्या जमिनींची नोंदवही) हे कागद एकत्र ठेवून पाहावे. सातबाऱ्यावरचा शेरा कधीकधी नव्याने लिहिताना गळालेला असतो. १-क मध्ये तो सापडतो.