मिरचीची फूलगळ आणि फळधारणा

कुंडीतील मिरचीचे रोप फुलांनी भरते आणि आठवडाभरात ती फुले देठासकट मातीवर पडलेली दिसतात. अशा वेळी बहुतेक जण खत वाढवतात, पण फूलगळीचे कारण बहुधा कुंडीत नसून हवेत, उन्हात किंवा परागणात असते.

मिरचीचे फूल द्विलिंगी असते आणि स्वतःच्याच परागांनी फळ धरू शकते, त्यामुळे घरात एकच रोप असले तरी चालते. सकाळी उमललेले फूल जवळून पाहिल्यास मधोमध कुक्षी (पराग झेलणारे टोक) आणि तिच्याभोवती पाच-सहा निळसर-जांभळे परागकोश (परागांच्या पिशव्या) दिसतात. फूल उमलल्यावर काही तासांत हे परागकोश उभे चिरतात आणि त्यांच्या कडांवर फिकट भुकटी जमते. ती कुक्षीपर्यंत नेण्याचे काम मोकळ्यावर वारा आणि मधमाश्या करतात; जाळी किंवा काचा लावलेल्या गॅलरीत दोघांचेही येणे-जाणे बंद असते. तिथे सकाळी दव वाळल्यावर फांदीला हलकीच टिचकी मारणे पुरते. ज्या फुलांत कुक्षी परागकोशांच्या बरीच पुढे आलेली असते, त्यांना मात्र रंगकामाचा मऊ कुंचला फिरवलेला बरा.

परंतु परागकणच निकामी असतील, तर कुंचला काहीही करू शकत नाही. परागकण तयार होण्याची नाजूक अवस्था कळी अगदी लहान असताना, म्हणजे फूल उमलण्याच्या साधारण दोन आठवडे आधी येते, आणि त्या दिवसांतील उष्णता सर्वांत जास्त बाधते. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे आणि रात्रीचे २५ अंशांच्या वर राहू लागले की फलधारणा घटते. म्हणून उन्हाळ्यात मुंबई-कोकणातल्या उबदार रात्री मिरचीला जाचक ठरतात, तर विदर्भात दुपारचे ऊन तिची परीक्षा पाहते. आज रोप सावलीत हलवले, तरी आधीच बिघडलेल्या कळ्या उमलून गळेपर्यंत थांबावे लागते. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून उपाय फसला असे समजू नये. रात्र १५ अंशांच्या खाली गेली तरीही परागकण कमकुवत होतात आणि धरलेली फळे बुटकी व बिया कमी असलेली निघतात. ढोबळी मिरची या बाबतीत फारच हळवी, तिखट आणि बारीक जाती त्या मानाने काटक.

फूल गळते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. देठाच्या तळाशी पेशींचा एक विशिष्ट थर असतो. फलन झाले की वाढू लागलेल्या बियांकडून ऑक्झिन हे संप्रेरक देठातून खाली येत राहते आणि तोवर हा थर शांत असतो. फलन झाले नाही, तर हा पुरवठा आटतो, हा थर सैल करणाऱ्या इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो, देठ पिवळा पडतो आणि बोट लागताच फूल निखळते. सावली जास्त झाली किंवा कुंडी एकदा कडकडीत वाळून नंतर तुडुंब भिजली, तरी हाच परिणाम होतो, कारण पाने फुलांना पुरेशी साखर पुरवू शकत नाहीत. या पिकाला दिवसाला निदान सहा तास ऊन हवे. कडक उन्हाळ्यात दुपारपुरती हिरवी जाळी पुरे, दिवसभर आडोसा नको.

खताचे म्हणाल, तर नत्र जास्त झाल्यास रोप पानांचे जंगल करते आणि फुले लांबवते. कळ्या दिसू लागल्यावर युरियासारखी नत्रयुक्त खते थांबवून पालाशाकडे (पोटॅशकडे) लक्ष द्यावे; थोडे गांडूळखत बहुतेक कुंड्यांना पुरते. पाने वाटीसारखी वळून बारीक होत असतील, तर फुलकिडे (थ्रिप्स) किंवा कोळी (माइट ही बारीक कीड) यांची शंका घ्यावी. शेंडा आणि पानाची मागची बाजू भिंगाने तपासावी आणि निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा, म्हणजे मधमाश्यांना त्रास होत नाही.

फलन झालेल्या फुलाच्या पाकळ्या वाळतात आणि हिरवे टोक पुढे सरकू लागते. कधी कधी वाळलेल्या पाकळ्यांची कडी मिरचीच्या अंगावर अडकून राहते. त्यानंतर महिनाभरात हिरवी मिरची तोडण्याजोगी होते. ती वेळेवर तोडावी. पिकून लाल होण्यासाठी झाडावर भरपूर मिरच्या ठेवल्या, तर रोपाची साखर त्यांच्याकडेच जाते आणि नवी फुले पुन्हा गळू लागतात.