शब्दांवरचं गाणं, आणि शब्दच कुणाला कळत नाहीत: 'मिलिम'ची पार्श्वभूमी

२०१० च्या मे महिन्यात ऑस्लोला युरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या दरवर्षीच्या गाण्याच्या स्पर्धेची फायनल झाली, त्यात इस्रायलकडून हारेल स्काट हा गायक उभा होता. गाण्याचं नाव 'मिलिम', म्हणजे शब्द. आपलं माणूस सोडून गेलं आणि जाताना मागे फक्त शब्द ठेवून गेलं, एवढाच विषय. आता गंमत बघा, गाणं शब्दांवरचं आणि टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेक युरोपला त्यातला एक शब्द कळत नव्हता. इंग्रजीत गायची पूर्ण मोकळीक होती, तरी अख्खं गाणं हिब्रूत. नंबर आला १४ वा. पण त्याच स्पर्धेतले मार्सेल बेझाँसों पुरस्कार, म्हणजे पत्रकार, कॉमेंटेटर आणि संगीतकार मंडळी ज्यांच्यासाठी मत देतात ते, तिन्हीच्या तिन्ही यालाच मिळाले. हे त्रांगडं समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी नेहमीचा प्रश्न उरकून टाकू, इस्रायल युरोपच्या स्पर्धेत काय करतंय? तर ही स्पर्धा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या सदस्य चॅनेल्सची आहे आणि त्यांच्या हद्दीत भूमध्य समुद्राकाठचे देशही येतात. मोरोक्कोसुद्धा एकदा येऊन गेलाय, १९८० मध्ये, ज्या वर्षी इस्रायल नव्हतं.

इस्रायलची पहिली एन्ट्री १९७३, लक्झेंबर्ग. म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली पथकातल्या ११ जणांना मारलं त्याला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे सिक्युरिटी अशी की विचारू नका. बीबीसीचे टेरी वोगन नंतर किस्सा सांगायचे की प्रेक्षकांना बजावलं होतं, टाळ्या बसूनच वाजवा, उभे राहिलात तर गोळी लागू शकते. अशा वातावरणात इलानित नावाची गायिका 'एय शाम' हे संथ, कुठल्यातरी दूरच्या जागेचं स्वप्न बघणारं गाणं गायली आणि चौथी आली. चाल नुरित हिर्शची, शब्द एहुद मानोरचे, आणि ऑर्केस्ट्रा पण हिर्शबाईंनीच कंडक्ट केला, त्या काळी तिथे बाई कंडक्टर म्हणजे अप्रूपच. त्यात त्या वर्षी भाषेचा नियम उठवला होता, कुठल्याही भाषेत गा म्हणून, तरी यांनी हिब्रूच निवडली.

हिर्श-मानोर याच जोडीच्या गाण्याने पाच वर्षांनी पॅरिसमध्ये पहिला नंबर आणला, 'आ-बा-नी-बी'. ते काही बॅलड, म्हणजे संथ भावुक गाणं, नाही, चांगलं नाचायचं गाणं आहे, पण त्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इस्रायली पोरं लहानपणी प्रत्येक अक्षरामागे 'ब' लावून गुप्त भाषा बोलतात, थेट आपली 'च'ची भाषा! हिब्रूत 'अनी' म्हणजे मी, त्याचं झालं 'आ-बा-नी-बी'. म्हणजे हिब्रू येणाऱ्यालाही पटकन कळू नये अशा हिब्रूत गाऊन हे जिंकले. जॉर्डनच्या टीव्हीने इस्रायलच्या वेळेला फुलांचे फोटो दाखवले आणि शेवटी बेल्जियम जिंकल्याचं सांगून मोकळे झाले, खरंतर बेल्जियम दुसरं होतं.

पुढच्याच वर्षी, १९७९ ला, जेरुसलेममध्ये 'हालेलुया' गाऊन परत जिंकले. तिथे शब्दांचा प्रश्नच मिटला, कारण हा एक हिब्रू शब्द चर्चमुळे युरोपात सगळ्यांच्या तोंडी आधीपासूनच होता. माझ्या मते हिब्रू संथ गाण्याला याच्यापेक्षा सोपा पेपर परत कधी मिळाला नाही.

आणि मग १९८० ला हे गेलेच नाहीत, दोन वर्षं लागोपाठ जिंकूनसुद्धा. कारण तारीख नेमकी त्यांच्या 'योम हाझिकारोन'च्या दिवशी आली, युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी तिकडे सायरन वाजतो, रस्त्यावरच्या गाड्या थांबतात, माणसं उतरून उभी राहतात आणि रेडिओवर दिवसभर नुसती संथ, उदास हिब्रू गाणी. तिथल्या लोकांच्या कानात बॅलड म्हटलं की नुसती प्रेमभंगाची सुरावट नसते ती यामुळे. एहुद मानोरचा स्वतःचा धाकटा भाऊ सैन्यात मारला गेला होता, त्याच्यावर त्याने लिहिलेलं गाणं आजही लागतं.

भाषेचा हट्टही समजून घ्यायला हवा. हिब्रू कित्येक शतकं घरात कुणी बोलत नव्हतं, ती प्रार्थनेची, पोथीची भाषा. आपल्या रायगडातले बेने इस्राएलच घ्या, ज्यांना गाव 'शनिवार तेली' म्हणायचं, शनिवारी घाणा बंद म्हणून. घरात मराठी आणि प्रार्थना हिब्रूत. हिब्रू परत रोजच्या बोलण्यात यावी म्हणून झटणारा एलिएझर बेन येहुदा १८८१ ला जेरुसलेमला आला आणि पोराशी फक्त हिब्रूतच बोलायचं असं ठरवून बसला. म्हणजे इलानित स्टेजवर गेली तेव्हा बोलीभाषा म्हणून या भाषेचं वय जेमतेम नव्वद.

आता कलाटणी. १९७७ पासून परत 'आपापल्या देशाच्या भाषेतच गा' असा नियम होता, तो १९९९ ला कायमचा उठला, आणि ती स्पर्धा होती कुठे? जेरुसलेमलाच! तिथून पुढे सगळेच इंग्रजीकडे पळत सुटले. इस्रायलने मधला रस्ता काढला, अर्धं हिब्रू अर्धं इंग्रजी. २००५ ला कीव्हमध्ये शिरी मैमोन असंच गाऊन चौथी आली.

'मिलिम' या पार्श्वभूमीवर आलं. स्काट तिकडच्या 'कोखाव नोलाद' या टॅलेंट शोमधून २००४ ला दुसरा येऊन घराघरात पोचलेला. नोआम होरेवचे शब्द, तोमेर हदादीची चाल, हळू सुरू होऊन शेवटी पूर्ण आवाजात फुटणारं गाणं. निम्मी मतं ज्युरीची, निम्मी फोनवाल्यांची, त्यात ज्युरीने याला बरंच वर ठेवलं आणि पब्लिकने खाली ओढलं. २०१३ ला माल्मोला मोरान माझोर परत पूर्ण हिब्रू बॅलड घेऊन गेली, ती तर सेमीफायनललाच बाहेर.

त्यानंतर पूर्ण हिब्रूचा नाद सुटल्यासारखाच. २०२४ ला गाझा युद्धावरून बाहेर निदर्शनं चालू असताना एडन गोलानच्या इंग्रजी बॅलडच्या शेवटी हिब्रूच्या ओळी तेवढ्या होत्या. २०२५ ला बाझेलमध्ये युवल राफाएलच्या गाण्यात इंग्रजी, थोडं फ्रेंच आणि हिब्रूत बायबलमधल्या गीतरत्नातली एक ओळ, कितीही पाणी आलं तरी प्रेम विझत नाही या अर्थाची. दुसरा नंबर आला, ३५७ पॉइंट्स, त्यातले २९७ पब्लिकचे आणि फक्त ६० ज्युरीचे. म्हणजे 'मिलिम'च्या बरोबर उलटं, आणि यावेळी पब्लिकच्या मतांवरून जी भांडणं लागली त्यात भाषेचा विषय कुणी काढलासुद्धा नाही.